हापूस घेताना आधी नाक, मग डोळे
आठवडी बाजारात किंवा शेतकऱ्याकडून थेट हापूस घेताना नुसत्या रंगाला भुलू नका. कार्बाइड या रसायनावर पिकवलेला आंबा सगळीकडून एकसारखा पिवळाधमक दिसतो, पण देठाशी नाक नेलं तर हापूसचा वास जवळजवळ नसतोच. कार्बाइडवर बंदी आहे, तरी असा माल येतो. म्हणून मी पिकलेला घेतच नाही. हिरवट, पण देठाजवळचे खांदे भरलेली फळं घेते आणि घरीच पेंढ्यात आढी घालते, म्हणजे पिकायला रचून ठेवते. रोज एकदा हात फिरवून बघायचं. डाग पडलेलं फळ लगेच बाजूला. साल किंचित सुरकुतली, घमघमाट सुटला की आंबा तयार! आणि हो, पेटीचा खालचा थर बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.