ईसीजी नॉर्मल आला म्हणून थांबू नका: हृदयविकाराचा धोका ओळखताना या चुका टाळा

तालुक्याच्या गावात माझा दवाखाना आहे. मागे एक गृहस्थ आले, वय ४४. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून सांगतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत तीन वर्षांचे रिपोर्ट घेऊन आले होते. बीपी १३६/८८. उपाशीपोटी साखर ११२. एलडीएल, म्हणजे ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो, ते १३४ आणि एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, ३६. वडिलांना ५१व्या वर्षी हार्ट अटॅक आलेला. दाढेखाली तंबाखू. पण पिशवीतून त्यांनी सगळ्यांत आधी काढला तो ईसीजीचा कागद. "डॉक्टर, हा नॉर्मल आहे ना? मग झालं."

नाही झालं. प्रत्येक रिपोर्टवर कुणीतरी "थोडंसं जास्त आहे, काळजीचं काही नाही" असं सांगितलं होतं आणि तेवढ्यापुरतं ते बरोबरही होतं. पण हे सगळे आकडे एकाच माणसाचे आहेत, हे तीन वर्षांत कुणी मोजलं नव्हतं. मला रोज दिसणाऱ्या चुकांपैकी सगळ्यांत मोठी हीच, आणि बाकीच्या बऱ्याचशा तिच्याच पोटातल्या.

त्याआधी एक गोष्ट वेगळी काढून ठेवतो. छातीवर दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात जाणारी कळ, दरदरून घाम, अचानक दम लागणं, असं आत्ता होत असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि १०८ला फोन करा. पुढचं सगळं आज ठीक असलेल्या माणसासाठी आहे.

ईसीजीला उद्याचं विचारणं

ईसीजी काढतात त्या काही सेकंदांत हृदयातली वीज कशी वाहतेय, तेवढंच त्या पट्टीवर उमटतं. रक्तवाहिनीच्या भिंतीत वर्षानुवर्षं साचत आलेली चरबी त्यात दिसत नाही. पट्ट्यावर चालवून करतात ती स्ट्रेस टेस्टसुद्धा साधारणपणे वाहिनी ७० टक्क्यांच्या आसपास अरुंद झाली की मगच बोलायला लागते. आणि बरेच अटॅक चरबीच्या त्याहून लहान थरामुळे येतात. थराचं पातळ आवरण फाटतं, त्यावर रक्ताची गुठळी होते आणि काही मिनिटांत वाहिनी बंद पडते. "गेल्याच महिन्यात टेस्ट नॉर्मल होती हो," असं नातेवाईक रडत सांगतात तेव्हा ते खरंच सांगत असतात. टेस्ट चुकलेली नसते, तिला विचारलेला प्रश्न चुकलेला असतो.

'आज ब्लॉक आहे का?' आणि 'येत्या दहा-वीस वर्षांत मला अटॅक येण्याची शक्यता किती?' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्याचं उत्तर शोधायची सुरुवात झाली ती अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम या छोट्या गावात. १९४८ साली तिथल्या ५,२०९ लोकांची नोंद सुरू झाली आणि वर्षानुवर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं गेलं. त्या काळी वय वाढलं की बीपी वाढणारच, असं मोठमोठे डॉक्टरही मानत. बीपी, कोलेस्टेरॉल आणि धूम्रपान या गोष्टी आजाराच्या कितीतरी आधीच त्याची चाहूल देतात, हे त्या गावामुळे जगाला कळलं.

'बॉर्डरलाइन' हा शब्द ऐकून निश्चिंत होणं

हे धोके एकमेकांना नुसते जोडले जात नाहीत, ते एकमेकांना वाढवतात. बीपी थोडं, साखर थोडी, त्यात तंबाखू आणि वडिलांचा इतिहास, असा माणूस एकट्या वाढलेल्या कोलेस्टेरॉलच्या माणसापेक्षा जास्त धोक्यात असू शकतो. २००४ साली ५२ देशांमधल्या रुग्णांचा इंटरहार्ट हा अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिल्या हार्ट अटॅकचा सुमारे ९० टक्के धोका नऊच गोष्टींशी बांधलेला आहे, असं त्यात दिसलं: कोलेस्टेरॉलचं बिघडलेलं प्रमाण, धूम्रपान, बीपी, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, फळं-भाज्या कमी खाणं, व्यायाम नसणं आणि मद्यपानाचं प्रमाण. या सगळ्यांना हात घालता येतो. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट आपल्यासाठी आहे. दक्षिण आशियातल्या लोकांमध्ये पहिल्या अटॅकचं मध्यम वय ५३ निघालं, इतर ठिकाणी ते ५८-५९ होतं. आपल्याकडे हा आजार पाच-सहा वर्षं लवकर येतो, म्हणून तपासणीही तेवढी आधी हवी.

आता मोबाइलवर दहा वर्षांचा धोका काढून देणारी गणितं मिळतात. ती वापरा, पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, त्यातली बरीचशी पाश्चात्त्य लोकांच्या नोंदींवरून बनली आहेत आणि ती आपला धोका कमी दाखवू शकतात. इंग्लंडमधलं क्यूरिस्क-३ मात्र तुम्ही भारतीय वंशाचे आहात का, हे विचारून हिशेब करतं. दोन, या गणितांत वयाचं वजन फार असतं. ३४ वर्षांच्या मुलाला उत्तर '२ टक्के' येतं आणि तो निर्धास्त होतो. दहा वर्षांपुरतं ते कमीच असतं, पण त्याच सवयी घेऊन तो साठीला पोचेल तेव्हाचा धोका त्यात धरलेला नसतो.

वजनकाट्याचं ऐकून पोटाकडे न पाहणं

"मी कुठे जाड आहे?" हे वाक्य मी सडपातळ हातापायांच्या, पण शर्टाची खालची दोन बटणं ताणलेल्या माणसांकडून ऐकतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या बाबतीत स्वतःचंच उदाहरण जगासमोर ठेवलं. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. काट्यावर जुळे, आतून वेगळे. आपल्या माणसांचं हे 'बारीक पण चरबीदार' शरीर याज्ञिकांनी पुणे परिसरातल्या नवजात बाळांपर्यंत मागे नेऊन दाखवलं.

म्हणून आपल्यासाठी बीएमआय २३च्या वर गेला की वजन जास्त धरायचं. त्याहून महत्त्वाची कंबर: पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या आत, बायकांची ८०च्या आत. पँटचा नंबर सांगू नका, पँट पोटाच्या खाली बांधलेली असते. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरा, श्वास सोडा आणि मोजा. पोट आत ओढू नका. माझ्या त्या गृहस्थांची पँट ३४ची होती आणि कंबर ९६ सेंटिमीटर भरली.

बीपी घाईत मोजणं

जिना चढून आलेला माणूस खुर्चीत टेकतो न टेकतो तोच दंडाला पट्टा बांधला जातो. तो पाय अधांतरी ठेवून बसलेला, बाजूचा माणूस त्याच्याशी बोलतोय, हात हवेत. या प्रत्येक गोष्टीने आकडा वर जातो. मग विनाकारण गोळी सुरू होते, नाहीतर "घाईत घेतलंय, म्हणून जास्त आलं" असं म्हणून खरं वाढलेलं बीपी सोडून दिलं जातं. दुसरी चूक जास्त महागात पडते.

मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, व्यायाम नको. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, दोन्ही पावलं जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. हात टेबलावर, हृदयाच्या उंचीला. पट्टा उघड्या दंडावर बांधा, शर्टाच्या बाहीवर नको. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागा, कारण लहान पट्टा आकडा फुगवतो. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. पहिल्यांदा तपासताना दोन्ही हातांचं बघा आणि ज्या हाताचं जास्त येईल तोच पुढे धरा. घरासाठी मशीन घ्यायचं तर दंडाचं घ्या, मनगटाचं नको.

घरी १२६ आणि दवाखान्यात १५० येत असेल तर मशीनला दोष देऊ नका. काहींचं बीपी डॉक्टर समोर दिसले की वाढतं. उलटंही होतं, दवाखान्यात चांगलं आणि घरी, कामावर वाढलेलं. तो प्रकार जास्त धोक्याचा, कारण तो कुणाच्या ध्यानात येत नाही. यावर उपाय एकच. सात दिवस, सकाळ-संध्याकाळ, दोन-दोन वेळा मोजून वहीत लिहा, पहिला दिवस सोडून द्या आणि उरलेल्यांची सरासरी काढा. घरची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून वर असेल तर ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. आमच्या गृहस्थांची सरासरी १३८/८९ निघाली, म्हणजे 'थोडंसं जास्त' नव्हे, सरळ वाढलेलं बीपी.

"वडील हार्टने गेले", एवढंच सांगणं

वय सांगा. वडील किंवा भाऊ ५५च्या आधी, आई किंवा बहीण ६५च्या आधी, असा इतिहास असेल तर तुमचा धोका वेगळ्या रांगेत जातो. ८२व्या वर्षी गेलेल्या आजोबांचा अर्थ तसा नसतो. अशा घरात रक्ताची एक तपासणी आयुष्यात एकदा तरी करावी, लायपोप्रोटीन-ए, म्हणजे एलडीएलसारखाच चरबीचा एक कण. ती फुल बॉडी चेकअपच्या पॅकेजात बहुतेकदा नसते, मागून घ्यावी लागते. याचं प्रमाण जवळजवळ पूर्णपणे जन्मजात ठरतं, पथ्याने फारसं हलत नाही, आणि ५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर असेल तर धोका वाढतो. हलत नाही तर मोजायचं कशाला, असं लोक विचारतात. हलवता येणाऱ्या बाकीच्या गोष्टी किती घट्ट आवळायच्या, ते त्यावरून ठरतं, म्हणून. त्या गृहस्थांचं ७८ आलं.

कोलेस्टेरॉलच्या रिपोर्टवर उजवीकडे छापलेली मर्यादा सगळ्यांसाठी एकच असते. तुमची मर्यादा तुमच्या धोक्यावर ठरते. भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने, २०२४ साली याविषयी मार्गदर्शन केलं: कमी धोका असणाऱ्याचं एलडीएल १००च्या खाली, जास्त धोका असणाऱ्याचं ७०च्या खाली, अतिशय जास्त धोका असणाऱ्याचं ५५च्या खाली. पहिली तपासणी १८व्या वर्षीच करा, असंही त्यात आहे, आणि तिच्यासाठी उपाशी राहायची गरज नाही. मात्र ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली दुसरी चरबी, ४००च्या वर असेल तर सूत्राने काढलेलं एलडीएल भरवशाचं नसतं, थेट मोजून घ्यावं.

घरातल्या बाईची फाइलच नसणं

ही चूक मला सगळ्यांत जास्त लागते. नवऱ्याचे रिपोर्ट तारखेवार लावून ठेवणाऱ्या बाईचा स्वतःचा एक कागद नसतो. पहिल्या बाळंतपणात बीपी वाढून पायाला सूज आली होती का, गरोदरपणात साखर निघाली होती का, पाळी चाळिशीच्या आतच गेली का, हे तिला कुणी विचारत नाही. यातली प्रत्येक गोष्ट पुढच्या हृदयविकाराची आगाऊ सूचना आहे. बाळंत झाल्यावर बीपी उतरलं म्हणून तो विषय संपत नाही. गरोदरपणातल्या अशा बीपीनंतर पुढे हृदयविकाराचा धोका सुमारे दुप्पट होतो.

आणि तंबाखू. "ओढता का?" असं विचारलं की "नाही" हे उत्तर खरंच असतं, कारण आपल्याकडे ओढणाऱ्यांपेक्षा खाणारे कितीतरी जास्त. सकाळी दातांना लावायची मशेरी तर अनेकींना तंबाखू वाटतच नाही. ती भाजलेली तंबाखूच आहे आणि तोंडातून रक्तात जाणारं निकोटीन हृदयापर्यंत पोचतंच. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी तुम्ही सांगा.

गोळी स्वतः सुरू करणं, स्वतः बंद करणं

रक्त पातळ राहावं म्हणून हृदयाचा काही आजार नसताना रोज ॲस्पिरिन घेणारे खूप आहेत. २०१८ साली आलेल्या मोठ्या अभ्यासांत दिसलं की अशा लोकांना फायदा थोडा किंवा जवळपास नाही, आणि रक्तस्राव मात्र वाढतो. शेजाऱ्यांना दिली म्हणून ती तुमची गोळी होत नाही. उलट कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी रिपोर्ट चांगला आला की लोक बंद करतात. रिपोर्ट चांगला आला तो त्या गोळीमुळेच. अंग दुखत असेल तर सांगा, मात्रा कमी करता येते, औषध बदलता येतं.

खर्चाची अडचण असेल तर ३० वर्षांवरच्या प्रत्येकाचं बीपी आणि साखर जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात किंवा उपकेंद्रात मोफत तपासतात. आशाताई एक फॉर्म भरून घेतात. त्यात वय, तंबाखू, दारू, कंबर, व्यायाम आणि घरातला इतिहास यांना गुण असतात, आणि बेरीज ४च्या वर गेली तर त्या माणसाला आधी तपासायला पाठवतात. तो फॉर्म नीट, खरं सांगून भरा.

त्या गृहस्थांच्या बाबतीत आम्ही एलडीएलसाठी ७०च्या खालचं लक्ष्य ठरवलं, स्टॅटिन आणि बीपीची एक गोळी सुरू केली. रात्रीचा भात अर्धा, जेवणातलं लोणचं-पापड बंद, रोज ४० मिनिटं चालणं. तंबाखू सोडायला तीन महिने लागले, मध्ये एका लग्नात पुन्हा सुरू झाली, पुन्हा सोडली. तीन महिन्यांनी एलडीएल ६८, घरचं बीपी १२४/७८, कंबर ९२.

त्या दिवशी त्यांच्या पत्नी बरोबर आल्या होत्या, पिशवी धरून बाजूला उभ्या. त्यांना बसवलं, पाच मिनिटं गप्प राहायला सांगितलं आणि दंडाला पट्टा बांधला. बीपी १५२/९४. थोरल्या मुलीच्या वेळी सातव्या महिन्यात बीपी वाढून दवाखान्यात ठेवलं होतं, हे त्यांना मी विचारल्यावर आठवलं. ती मुलगी आता १९ वर्षांची आहे. मी नवा केसपेपर काढला आणि वर त्यांचं नाव लिहिलं.