बचाव हेलिकॉप्टरच्या कंत्राटावर नागरिकांनी लक्ष कसे ठेवावे

समुद्रात बोट उलटली किंवा कोणी कड्यावर अडकले, की धावून येणारे हेलिकॉप्टर आज काही देशांत खासगी कंपनीचे असते. ब्रिटनने २०१३ मध्ये ब्रिस्टो कंपनीशी १० तळांसाठी सुमारे १.६ अब्ज पौंडांचा करार केला आणि २०१५ पासून लष्कराकडचे हे काम टप्प्याटप्प्याने तिच्याकडे गेले. पैसा जनतेचा असल्यामुळे हिशेबही जनतेने मागायला हवा.

१. मूळ करार मिळवा. माहिती अधिकाराच्या अर्जात नुसते ‘करार द्या’ लिहू नका. सेवेच्या अटींचे परिशिष्ट, दंडाचे कोष्टक आणि मागाहून केलेल्या दुरुस्त्या, हे सगळे नाव घेऊन मागा. कंत्राटातले दर व्यापारी गुपित म्हणून झाकले, तर एक वेळ समजू शकते. पण हेलिकॉप्टर किती मिनिटांत उडायला हवे, हे गुपित असूच शकत नाही. ते नाकारले तर अपील करा.

२. ‘सज्जता’ कशी मोजतात ते तपासा. सर्वाधिक वेळ इथे द्या, कारण खरी मेख इथेच असते. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये हाक आल्यापासून दिवसा १५ आणि रात्री ४५ मिनिटांत उड्डाण, असा दंडक राहिला आहे. तुमच्या करारात घड्याळ कधी सुरू होते? फोन आल्यावर, की चमूला आदेश मिळाल्यावर?

मग टक्केवारीकडे वळा. ९८ टक्के सज्जता, म्हणजे ९८ टक्के वेळ सेवा उड्डाणाला तयार, हे ऐकायला उत्तम वाटते. पण ती चार तळांची मिळून वार्षिक सरासरी असेल, तर तीन तळ अखंड चालू ठेवून चौथा जवळपास २९ दिवस बंद ठेवला तरी अट पाळली गेली असेच दिसेल! म्हणून आकडे तळवार आणि महिनावार मागा. सेवा बंद असलेले तास दुरुस्तीमुळे गेले, सुटे भाग नव्हते म्हणून की वैमानिक कमी होते म्हणून, हेही विचारा. आणि किती तास मोजणीतूनच वगळले, ते विसरू नका.

३. वैमानिकाचा नकार हा कंपनीचा कसूर धरू नका. धुक्यात न उडण्याचा निर्णय चमूचाच असला पाहिजे. अशा नकाराला दंड लागत असेल, तर ते कलम धोकादायक आहे. त्याविरुद्ध आवाज उठवा.

४. तांत्रिक तपासणी कोण करते, ते लेखी विचारा. १४ मार्च २०१७ रोजी आयर्लंडचे ‘रेस्क्यू ११६’ हे बचाव हेलिकॉप्टर ब्लॅकरॉक बेटाला धडकले आणि त्यातले चारही कर्मचारी गेले. जमीन जवळ आल्याचा इशारा देणाऱ्या यंत्रणेच्या नोंदीत ते बेटच नव्हते. २०२१ च्या अंतिम चौकशी अहवालात ४२ शिफारशी होत्या आणि बचाव उड्डाणांवर देखरेख नेमकी कोणाची, याबाबत सरकारी पातळीवरच गोंधळ असल्याचे नोंदवले गेले. कंत्राट देणाऱ्या खात्याकडे स्वतःचे हवाई तज्ज्ञ आहेत का, हा प्रश्न म्हणूनच टाळता येत नाही.

५. दंड खरोखर कापला का, ते देयकांवरून पाहा.

६. मुदत संपण्याच्या बऱ्याच आधी नव्या निविदेवर नजर ठेवा. फेब्रुवारी २०११ मध्ये ब्रिटनला अशी एक प्रक्रिया थांबवावी लागली, कारण पसंतीच्या बोलीदार गटाला व्यापारीदृष्ट्या संवेदनशील माहिती आधीच मिळाली होती. कंपनी बदलली तर हेलिकॉप्टर, नोंदी आणि अनुभवी चमू यांचे काय होणार, हेही निविदेत लिहिलेले असावे.

७. हाती आलेले लेखापरीक्षकांकडे आणि लोकप्रतिनिधींकडे न्या. वाचवलेल्यांची नावे किंवा आजार कुठेही येऊ देऊ नका. प्रश्न छोटा आणि मोजता येईल असा ठेवा: ‘गेल्या १२ महिन्यांत प्रत्येक तळ किती तास बंद होता, कोणत्या कारणाने, आणि त्यापोटी किती रक्कम कापली?’