अभ्यासिकेतलं पहिलं वर्ष: सवयी कशा लावायच्या, कुठल्या मोडायच्या

एमपीएससीच्या राज्यसेवा परीक्षेच्या तयारीसाठी पुण्यात आलेली मुलं पहिल्या आठवड्यात कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन राहायला, जागा बघतात, अभ्यासिकेत टेबल धरतात आणि टाइमटेबल बनवतात. हे टाइमटेबल बहुतेक वेळा परीक्षेच्या तारखेपासून उलटं मोजत केलेलं असतं. पूर्व परीक्षेला इतके दिवस राहिले, म्हणून रोज इतकी पानं. इथेच घोळ होतो, कारण आपल्याकडे तारीख हीच सगळ्यात बेभरवशाची गोष्ट आहे.

2024 ची राज्यसेवा पूर्व 28 एप्रिलला ठरली होती. ती लांबत लांबत 25 ऑगस्टवर आली. त्याच दिवशी आयबीपीएसचा, म्हणजे बँक भरतीचा, पेपर होता म्हणून पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली, आणि शेवटी परीक्षा झाली 1 डिसेंबरला. मी तेव्हा सदाशिव पेठेत बसत होते. दर वेळी तारीख पुढे गेली की अभ्यासिका दोन-तीन दिवस अर्धी रिकामी व्हायची. मग हळूहळू माणसं परत यायची, पण लय गेलेली असायची. ज्यांचं फारसं बिघडलं नाही अशीही काही मुलं होती. ती हुशार होती म्हणून नव्हे. त्यांचा अभ्यास तारखेला बांधलेला नव्हता, रोजच्या एखाद्या साध्या गोष्टीला बांधलेला होता.

म्हणजे असं: मेसमध्ये पोहे खाल्ले, अभ्यासिकेत आलं, पाण्याची बाटली भरली, बसल्यावर आधी चुकलेल्या प्रश्नांची वही उघडली. रोज हाच क्रम. ‘सकाळी 8 वाजता अभ्यास’ असं ठरवलं तर मेसला उशीर झाल्या दिवशी 8.20 होतात आणि मन म्हणतं, आता 9 लाच बसू. ‘बाटली भरली की वही’ याला घड्याळ लागत नाही. सुरुवातीला त्या वहीतले 10 प्रश्न पुरे. पहिल्या उत्साहात 14 तासांचे आकडे भिंतीवर लावणाऱ्यांचं काय होतं ते तुम्हाला महिन्याभरात दिसेलच.

21 दिवसांत सवय लागते हे क्लासच्या प्रेरणा-व्याख्यानात हमखास ऐकू येतं. ते मनावर घेऊ नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांना रोजची एक नवी कृती निवडायला सांगून तिचा मागोवा घेतला होता. ती अंगवळणी पडायला लागलेल्या काळाचा मध्य 66 दिवसांवर आला, आणि माणसागणिक अंदाज 18 पासून 254 दिवसांपर्यंत पसरले. आपल्या कामाची गोष्ट त्यात आणखी एक आहे: एखादा दिवस चुकल्याने फारसा फरक पडला नाही. ‘काल चुकलं, आता सोमवारपासून नव्याने’ हे आपलं लाडकं वाक्य त्यामुळे बिनकामाचं ठरतं. सोमवारची वाट बघण्यातच जास्त दिवस जातात.

आता मोडायच्या सवयी. आळस ओळखू येतो, त्याची भीती नाही. घात करतात त्या अभ्यासासारख्या दिसणाऱ्या सवयी. टेलिग्रामवरून पीडीएफ गोळा करणं ही त्यातली पहिली. फाइल उतरवली की वाचल्याचं समाधान मिळतं आणि चाळीसावी फाइल उघडायची गरजच वाटत नाही. यावर माझ्या खोलीतल्या ताईने काढलेला उपाय मला अजून पटतो: जे झेरॉक्स काढून आणशील तेवढंच तुझं. पानामागे पैसे मोजावे लागले की आपोआप चाळणी लागते.

टॉपरच्या मुलाखतींचं तसंच. कुठली पुस्तकं वापरली एवढं कळण्यापुरत्या दोन मुलाखती पुष्कळ झाल्या. त्यापुढे ती करमणूक आहे. करमणूक जरूर करा, फक्त ती अभ्यासाच्या तासांत धरू नका.

फोनचं सांगायचं तर ‘बंद करून ठेवा’ हा सल्ला देणं सोपं आहे. घरून फोन येतो, मेसच्या काकूंचा येतो, तो घ्यावाच लागतो. आमच्यातल्या बऱ्याच जणांनी सिम साध्या बटणाच्या फोनमध्ये टाकलं होतं आणि स्मार्टफोन रूमवर ठेवला होता. संध्याकाळी रूमवर गेल्यावर वायफायवर काय बघायचं ते बघा. मोह होऊ नये म्हणून मनाशी झगडण्यापेक्षा वस्तू दोन गल्ल्या लांब असणं केव्हाही बरं.

चहा मात्र मी सोडायला सांगणार नाही. शास्त्री रस्त्याच्या टपरीवर संध्याकाळी उभं राहणं हा गावाहून एकट्याने आलेल्या पोराचा दिवसातला माणसांशी बोलायचा एकमेव वेळ असू शकतो. तो काढून घेतला तर महिन्याभरात डोकं फिरतं. अडचण चहाची नसते, त्यानंतरच्या तासाभराची असते: जागा किती निघणार, कट ऑफ कुठे जाणार, आयोग काय करणार. यावर दोन गोष्टी चालतात. उठताना एखादं गणित अर्धवट सोडून वही उघडीच ठेवायची, म्हणजे परत आल्यावर सुरुवात शोधावी लागत नाही. आणि जो कप ठेवला की निघतो, त्याच्यासोबतच जायचं. असा एक जण प्रत्येक अभ्यासिकेत असतो. थोडा तिरसट वाटतो, पण त्याला धरा.

नव्यांनी सगळ्यात आधी लावायची सवय मात्र लिहिण्याची. मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे. 2023 पासून ठरलेला हा बदल आंदोलनानंतर 2025 वर गेला. नव्या रचनेत मुख्य परीक्षेचे 9 पेपर आणि 1750 गुण आहेत. वर्षानुवर्षं बहुपर्यायी प्रश्नांचे गोळे रंगवलेल्या हाताला तीन तास सलग लिहायचं म्हटलं की अंगठा दुखतो, अक्षर घसरतं, मुद्दे माहीत असूनही वाक्य सुरू होत नाही. यूपीएससीच्या सामान्य अध्ययनाच्या पेपरात 3 तासांत 20 प्रश्न असतात, म्हणजे एकाला 9 मिनिटं. अंदाजासाठी हे माप धरा. दुपारच्या जेवणानंतर, झोप यायच्या वेळेला, रोज एक उत्तर. घड्याळ लावून, शाईच्या पेनाने किंवा जे परीक्षेत वापरणार त्याने. विषय पूर्ण झाल्यावर लिहीन, असं म्हणणाऱ्यांचा विषय कधीच पूर्ण होत नाही. अर्धवट माहितीवर लिहिलेलं उत्तर वाईटच येतं आणि तसंच यायला हवं, कारण काय वाचायचं राहिलंय ते त्यातूनच कळतं.

पूर्वसाठी एक छोटी सवय. चुकलेल्या उत्तराला एक चतुर्थांश गुण जातात, म्हणून सरावात प्रत्येक उत्तरापुढे ‘खात्री’ की ‘अंदाज’ अशी खूण करत जा. तपासताना अंदाजांची बेरीज वेगळी करा. कोणाचे अंदाज तारतात, कोणाचे बुडवतात, आणि आपण कुठल्या गटात आहोत हे परीक्षेच्या हॉलमध्ये शोधायची गोष्ट नाही.

गणपती-दिवाळीला घरी जाल तेव्हा पुस्तकांची बॅग नेऊ नका असं मी म्हणेन. घरात ती बाटली नाही, ते टेबल नाही, आणि आई समोर बसून बोलत असते. न उघडलेली बॅग परत आणताना उगाच अपराधी वाटतं. त्यापेक्षा निघायच्या आदल्या रात्री टेबलावर चिठ्ठी ठेवा: परत आल्यावर पहिल्यांदा कोणतं पान, कोणते प्रश्न. आधी वाचून झालेलं काहीतरी लिहा, नवा धडा नको. पहिला दिवस त्यातच जाऊ द्या.