देवळातल्या पंगतीचे खतखते: शंभर पानांचा अंदाज

समाराधनेच्या, म्हणजे देवळातल्या सामुदायिक जेवणाच्या, पानावर वरण-भात, तोणाक (कडधान्याची नारळाच्या वाटणाची भाजी), मणगणे (चणाडाळीची खीर), सोलकढी सगळे असते, पण माणसे घरी जाऊन बोलतात ती खतखत्याबद्दल, म्हणजे नारळाच्या वाटणातल्या मिश्र भाजीबद्दल. आमच्या गोव्यातल्या फोंडा महालातल्या देवळात रांधपाला (स्वयंपाकाला) हात लावायची पाळी कधी ना कधी प्रत्येक घरावर येते. नव्याने उभे राहणाऱ्यांनी एक गोष्ट धरून चालावे: खतखते शेवटच्या पंगतीसाठी करायचे. त्या पंगतीला बसतात वाढून दमलेली मुले, पालखीचे भोई, वाजंत्री. त्यांच्या पानात नुसता पातळ रस पडला, तर पहिल्या पंगतीच्या कौतुकाला माझ्या लेखी काही किंमत नाही.

शंभर माणसांना चिरलेली भाजी बारा किलो, तूरडाळ दीड किलो, नारळ दहा. भाज्या किमान पाच हव्यातच. तांबडा भोपळा, सुरण, कच्ची केळी, शेवग्याच्या शेंगा, मुळा नेहमीचे. माघात, म्हणजे कवळ्याच्या शांतादुर्गेची किंवा मंगेशीची जत्रा असते त्या दिवसांत, करांदे आणि कणगां हे कंद मिळतात, ती सोडू नयेत. पावसाळ्यात नीरफणस घालावा. कांदा-लसूण अर्थातच नाही. सुरण चिरणाऱ्यांनी हातांना खोबरेल लावावे. फोडी मोठ्याच ठेवा. बारीक चिरल्या की दुसऱ्या पंगतीपर्यंत त्यांचा लगदा होतो.

आधी डाळ शिजवून घ्यावी. मग भाणात (मोठ्या भांड्यात) सुरण, करांदे असे कठीण कंद, त्यांच्या मागून मुळा, केळी, शेंगा, आणि भोपळा सगळ्यांत शेवटी. भाज्या शिजल्या की डाळ, आणि नारळ, सुकी मिरची, हळद यांचे वाटण. आमसुले आणि गूळ त्यानंतरच. आंबट आधी पडले तर कंद कितीही जाळ घाला, शिजत नाहीत.

तिरफळांकडे, म्हणजे या वासाच्या मसाल्याकडे, मात्र जातीने लक्ष द्या. शंभर पानांना दोन ओंजळी पुरतात. सुकी तिरफळे उघडून आतली काळी बी काढून टाकायची, ती दाताखाली कचकचते. साले थोड्या पाण्यात भिजवून हलकी ठेचायची आणि त्या पाण्यासकट भाणात घालायची. एक उकळी आली की जाळ ओढून झाकण ठेवा. पुढे खूप वेळ उकळत राहिले तर वास उडून जातो, आणि तिरफळाच्या वासाशिवाय ते खतखते नव्हे.

नैवेद्य होईपर्यंत चव घ्यायची नाही, म्हणून मीठ हात राखून घालावे. नैवेद्य, आरती, गाऱ्हाणे (देवापुढची प्रार्थना) झाले की चाखावे, आणि कमी असेल तर मीठ गरम पाण्यात विरघळवून ओतावे. कोरडे मीठ एवढ्या मोठ्या भाणात सारखे पसरत नाही.

वाढताना पानाच्या वरच्या टोकाला मीठ, डावीकडे लिंबू, लोणचे, करम (कोशिंबीर). उजवीकडे तोणाक, खतखते. मग भात, वरण, तूप. श्लोक होऊन 'हर हर महादेव' म्हटल्याशिवाय कोणी घास घेत नाही, आणि सगळ्यांचे होईपर्यंत कोणी उठत नाही. त्यामुळे म्हातारी माणसे शेवटी खोळंबणार नाहीत अशा बेताने सोलकढी फिरवावी.

पहिली बालदी भरण्याआधीच एक टोप खतखते शेवटच्या पंगतीसाठी काढून झाकून ठेवा. त्या पंगतीला वाढायला पहिल्या पंगतीत जेवलेल्यांनी उभे राहावे, आमच्याकडे तशी पद्धत आहे. टोप तेव्हाच उघडायचा. फोडी तळाशी बसलेल्या असतात, तेव्हा दवली (डाव) खालून वर फिरवून मगच वाढायला घ्या.