टी-डब्ल्यू दिसलं की दोन आठवा, इंग्रजी शब्द जोडाक्षरांवरून कसे लक्षात ठेवायचे

आमच्याकडे गोव्यात मराठी माध्यमातली पोरं चौथीपर्यंत निवांत असतात आणि पाचवीत गेली की सगळे विषय एकदम इंग्रजीत, मग डिचोली काय, सत्तरी काय, पेडणे काय, घराघरात संध्याकाळी शब्दार्थांचं पाठांतर सुरू. रोज दहा शब्द, ए पासून. चवथ (गणेश चतुर्थी) येईपर्यंत बी पण संपत नाही आणि ए चे अर्धे विसरलेले असतात. माझं स्पष्ट मत, हे ए-बी-सी च्या क्रमाने घोकणं बंद करा. त्यापेक्षा जी दोन अक्षरं चिकटून येतात ती पकडा आणि तसे शब्द एका पानावर गोळा करा, कारण खूपदा अर्थ पण एकमेकांच्या जवळपासचाच निघतो.

सुरुवात टी-डब्ल्यू पासून करा, हे सगळ्यात सोपं. दोन ह्या अर्थाचा जो टू आहे त्यात डब्ल्यू कशाला असं पोरगं विचारतं आणि आपण सांगतो सायलंट आहे, लिही गप. पण तो डब्ल्यू एकेकाळी बोलायचे, आणि त्याच्या भावंडांमध्ये अजूनही बोलतात. ट्विन म्हंजे जुळं, ट्वाइस म्हंजे दोनदा, ट्वेंटी म्हंजे दोन वेळा दहा, बिटवीन म्हंजे दोघांच्या मधे. ट्वेल्व्ह तर भारीच आहे, मुळात अर्थ 'दोन उरले', दहा बाजूला काढले की मागे राहिले दोन, आणि तसंच इलेव्हन म्हंजे एक उरला. ट्विग म्हंजे बारीक फांदी, तिच्या मुळाशी पण दोनच आहे, फाटा फुटून दोन झालेली. ट्वायलाइट म्हंजे तिन्हीसांज, त्यातही पहिला भाग दोनचाच (आपण तीन मोजतो, ते दोन, असो). आणि ट्वाइन म्हंजे पदर वळून केलेली दोरी. चवथीला माटोळी (गणपतीच्या वर फळं-पानं टांगायची चौकट) बांधायला केवणीच्या सालीचे दोर घरात असतातच, त्यातले दोन पदर पोराच्या हातात द्या आणि वळायला सांगा, वळताना म्हणायला लावा ट्विस्ट, वळून झाल्यावर ट्वाइन. परत पाठ करून घ्यावं लागणार नाही. शिवाय टू ची तीन स्पेलिंगं असतात त्यात दोन आकड्याची कुठली हा गोंधळ पण मिटतो, जुळ्यातला डब्ल्यू आहे ती.

पुढचं डब्ल्यू-आर. इथे डब्ल्यू बोलायचाच नाही, फक्त लिहायचा, म्हणून डिक्टेशनमधे सगळ्यात जास्त मार्क इथे जातात. पण अर्थ बघा, पिळणं, वळणं, वाकडं होणं. रिंग म्हंजे कपडे पिळणं (अंगठीवाल्या रिंगला डब्ल्यू नाही), रिस्ट म्हंजे मनगट, जे फिरतं, रेंच म्हंजे नट पिळायचा पाना, रिंकल म्हंजे सुरकुती, रीथ म्हंजे फुलापानांचं गोल वळलेलं कडं, रेसल म्हंजे कुस्ती. राँग सुद्धा ह्यातलाच, मूळ अर्थ वाकडं. म्हणून पोराला एवढंच सांगा की उच्चार 'र' ने सुरू होतोय आणि अर्थात पीळ आहे तर आधी डब्ल्यू टाकून बघ. राइट म्हंजे लिहिणं हा ह्यात बसत नाही, तो मुळात ओरखडणं ह्या अर्थाचा, त्याला वेगळा ठेवा.

वही कशी करायची ते सांगते. एका पानावर वर फक्त दोन अक्षरं. कागदी डिक्शनरी घ्या, मोबाईल नको, कारण डिक्शनरीत ते सगळे शब्द एकाखाली एक असतात आणि नजर फिरवली की अर्थाचा धागा आपोआप दिसतो. डाव्या बाजूला जमणारे शब्द, उजवीकडे न जमणारे. उजवी बाजू महत्त्वाची आहे हं, ती सोडायची नाही, नाहीतर पोरगं प्रत्येक शब्दाला ओढूनताणून अर्थ लावत बसतं. दोन अक्षरांना असा पक्का अर्थ नसतो, ती नुसती खुंटी आहे.

उदाहरणार्थ एस-एन. डावीकडे सगळी नाकाची मंडळी: स्नीझ शिंक, स्नोअर घोरणं, स्निफ हुंगणं, स्नॉर्ट नाकाने फुरफुरणं, स्नाउट जनावराचं लांब नाक. उजवीकडे स्नेक, स्नेल, स्नो, ह्यांचा नाकाशी काही संबंध नाही. आणि गंमत म्हंजे स्नीझ जुन्या इंग्रजीत एफ-एन ने सुरू व्हायचा, नंतर येऊन ह्या टोळीत बसला. स्नॉर्कल कुठे टाकाल? कळंगुटच्या किनाऱ्यावर बोटवाल्यांच्या बोर्डांवर स्नॉर्कलिंग लिहिलेलं पोरांनी शंभरदा वाचलेलं असतं. तो डावीकडेच जातो, शब्द जर्मनमधून आला, तिथे पाणबुडीच्या हवेच्या नळीला म्हणायचे आणि त्याचं नातं घोरण्याच्या शब्दाशी आहे.

जी-एल चमकणाऱ्यांचं, ग्लो, ग्लिटर, ग्लीम, ग्लिंट, ग्लॉस, आणि ग्लेअर म्हंजे चोर्ला घाटात समोरच्या गाडीचा लाइट डोळ्यावर येतो तो. ग्लू आणि ग्लव्ह उजवीकडे. हे पान पोरं स्वतःच भरतात, तुम्ही मधे पडू नका.

शेवटची अक्षरं सारखी असलेले शब्द हवे असतील तर डिक्शनरी कामाची नाही, तिथे वनलुक (onelook.com) ह्या शब्द शोधायच्या साइटवर आधी तारा (*) आणि मग ती अक्षरं टाइप करा, यादी येते. एम-बी ने संपणारे असे काढा: थंब, कोंब, लँब, टूंब, क्लाइंब, बाँब. मी हे मराठीत लिहायचं तसं लिहिलंय, बोलताना शेवटचा ब गिळायचा, थम, कोम, लॅम, टूम, क्लाइम, बॉम. ह्यात अर्थ शोधू नका, अंगठा, कंगवा, कोकरू आणि थडगं ह्यांचं एकमेकांशी काही नाही, हे पान फक्त स्पेलिंग आणि उच्चारासाठी.