शाळेतल्या वॉकीटॉकी: आणीबाणीत निरोप पोहोचलाच पाहिजे

वॉकीटॉकी कपाटात ठेवू नका. फाटक, ऑफिस, प्रत्येक मजला आणि मैदान, प्रत्येक ठिकाणी एकेक संच चालू हवा, सगळे एकाच चॅनेलवर. चॅनेल जुळूनही आवाज येत नसेल, तर बहुधा प्रायव्हसी कोड (फक्त तोच आकडा लावलेल्या संचांचा आवाज ऐकू यावा म्हणूनची सेटिंग) वेगळा असतो. तो सगळीकडे सारखा करा.

सर्रास होणारी चूक म्हणजे बटण दाबताक्षणी बोलायला लागणं. पहिला शब्द तुटतो, आणि तो नेमका ‘आग’ असू शकतो! बटण दाबा, एक सेकंद थांबा, मग बोला. माइक तोंडापासून ५ ते ८ सेंटीमीटरवर धरा. ओरडलात तर आवाज फाटतो. आधी समोरच्याला हाक, मग स्वतःचं ठिकाण: ‘ऑफिस, मी प्रयोगशाळेतून बोलतेय. धूर येतोय, मुलांना मागच्या जिन्यानं बाहेर काढतेय.’ ऐकणाऱ्यानं निरोप परत म्हणून दाखवायचा. मुलांची नावं मात्र घेऊ नका, साध्या संचावरचं बोलणं बाहेरच्यालाही ऐकू जाऊ शकतं.

तळघर, जिने, पत्र्याचं सभागृह इथे स्वतः फिरून तपासा. काँक्रीट आणि लोखंड लहरी अडवतात. जिथे आवाज पोहोचत नाही ती जागा नकाशावर लाल करा. बॉम्बची धमकी आली, तर संशयित वस्तूजवळ वॉकीटॉकीचं बटण दाबायचं नाही, आधी लांब जायचं. शाळा सुटली की सगळे संच चार्जिंगला.