दिवाळीत घरच्यांबरोबर जुना सिनेमा लावताय? या चुका टाळा

भाऊबीजेची जेवणं आटोपली, ओवाळणीची पाकिटं उघडून झाली, की आमच्या कोथरूडच्या घरात कुणीतरी म्हणतंच, "चला, एखादा जुना सिनेमा लावू." गेल्या वर्षी त्यानंतरचा पाऊण तास रिमोट या हातातून त्या हातात फिरण्यातच गेला. तोवर मुलं मोबाइलमध्ये आणि काका आडवे. म्हणून सिनेमा आदल्या दिवशीच ठरवा. त्याची सुरुवात, मधला भाग आणि शेवट दोन-दोन मिनिटं बघूनही ठेवा. यूट्यूबवर चढवलेल्या प्रतींत कधी गाणी उडवलेली असतात, कधी शेवटच नसतो.

यापुढची चूक मात्र घरोघरी होते. आम्ही 'संत तुकाराम' लावला होता, प्रभात फिल्म कंपनीचा, 1936 चा. आजी चष्मा पुसत म्हणाली, "जिजाई इतकी जाड कधी होती गं?" जिजाईचा काही दोष नव्हता. तेव्हाच्या सिनेमाची चौकट जवळजवळ चौकोनी, साधारण 4:3 ची. आपला टीव्ही 16:9. कडेच्या काळ्या पट्ट्या नकोत म्हणून कुणीतरी कधीतरी 'फुल' किंवा 'स्ट्रेच' करून ठेवलेलं असतं आणि सगळे चेहरे एक तृतीयांशाने रुंद होतात. पिक्चर सेटिंगमध्ये जाऊन 'ओरिजिनल' किंवा '4:3' निवडा. पट्ट्या दिसतील, दिसू द्या. 'झूम' तर अजिबात नको, त्यात डोकी आणि पाय दोन्ही जातात.

तिथेच 'मोशन' नावाचं काहीतरी सापडेल, तेही बंद करा. बोलपटात सेकंदाला 24 चित्रं असतात. टीव्ही आपल्या मनाने मधली चित्रं तयार करून भरतो आणि प्रभातचा सिनेमा संध्याकाळच्या मालिकेसारखा गुळगुळीत दिसायला लागतो.

ओरखडे, मध्येच उडी, थरथरणारी कड, यावर मात्र सेटिंगमध्ये इलाज शोधत बसू नका. जुनी फिल्म नायट्रेटची, चटकन पेट घेणारी. 2003 मध्ये इथेच, पुण्यात, लॉ कॉलेज रोडवर लागलेल्या आगीत अशी कितीतरी रिळं जळाली, प्रभातचीसुद्धा. आपल्यापर्यंत पोचलंय ते ओरखड्यांसकट गोड मानायचं.

आवाज कळत नाही म्हणून लोक 'थिएटर' किंवा 'सराउंड' मोड लावतात, त्याने उलट संवाद घुमतात. मूळ आवाज मोनो, म्हणजे एकाच ध्वनिवाहिनीचा आहे. 'स्पीच' किंवा 'क्लिअर व्हॉइस' बघा. आणि आत मिक्सर चालू असेल तर कुठलाच मोड कामाचा नाही.

आता निवड. मुलांना थेट 1936 मध्ये नेऊन बसवू नका. आमच्याकडे 'अशी ही बनवाबनवी'ने सुरुवात होते. सिनेमा 1988 चा, पण त्यातली वाक्यं मुलांना मीम्समधून आधीच पाठ असतात, त्यामुळे ती मोठ्यांच्या आधी बोलतात आणि खूश होतात. दुसऱ्या दिवशी 'शेजारी'. 1941 चा, दिग्दर्शक व्ही. शांताराम म्हणजे शांतारामबापूंचा. बुद्धिबळाच्या पटावर बसणारे दोन म्हातारे मित्र, एक हिंदू, एक मुसलमान, आणि शेवटी फुटणारं धरण. धरणासाठी आमचा दहा वर्षांचा भाचा शेवटपर्यंत हलला नाही.

हललो आम्हीच. काका दर पाच मिनिटांनी, "आता बघ हं, आता फुटतं!" प्रेमापोटी होणारी ही चूक सगळ्यात वाईट. प्रभात रोडला ते नाव कुठून मिळालं, आजची एफटीआयआय, म्हणजे सिनेमा शिकवणारी संस्था, हाच प्रभातचा जुना स्टुडिओ, ही माहिती मुलांना आवडते, पण ती चहाच्या वेळी सांगा. त्यासाठी मध्यंतर ठेवाच. 'संत तुकाराम' दोन तासांच्या वर जातो, तेवढा वेळ मुलंही बसत नाहीत आणि म्हाताऱ्यांचे गुडघेही. चकलीचा डबाही तेव्हाच उघडा. शांत प्रसंगात चकली फार मोठ्याने मोडते.

उत्तरार्धात आजीला झोप लागते. लागू द्या. फक्त आवाज कमी करू नका. केला की ती डोळे न उघडताच म्हणते, "बघतेय मी."